कळस आणि चिमणी एका रेषेत

दामोदर पावसे यांनी तक्त्यावरची नववी, सगळ्यात बारीक ओळ वाचली तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"ग, ठ, र, प, न," असं म्हणून ते खुर्चीत मागे रेलले. "खाली छापखान्याचं नाव असंल तर तेपण वाचतो."

हेमांगीनं हसू दाबलं. तपासणीच्या खोलीत ती त्यांची मुलगी नव्हती, केंद्राची तंत्रज्ञ होती. तक्त्याच्या उजव्या बाजूला, निळा एप्रन घालून, हातात लाकडी कांडी घेऊन उभं राहायचं आणि ठरलेली तीनच वाक्यं बोलायची, असा नियम होता. खुर्ची फरशीला खिळ्यांनी ठोकलेली. खुर्चीपासून तक्त्यापर्यंत चार मीटर. भिंत, ट्यूबलाइट, सगळं नऊ वर्षं तेच. सुरुवातीला आळीपाळीनं लावायला तीन तक्ते होते. पण त्यांतल्या दोहोंची छपाई किंचित फिकी आहे असं चौथ्या वर्षी केंद्रप्रमुख डॉ. नरवणे यांच्या लक्षात आलं आणि ते दोन कपाटात गेले. तेव्हापासून हा एकच. "मोजायची पट्टीच बदलत राहिली तर मोजलं काय?" असं ते म्हणत. त्यांचा काटेकोरपणा सबंध जिल्ह्यात प्रसिद्ध होता.

रुग्णांना तक्ता पाठ तर झाला नसेल, ही शंकाही त्यांनीच काढली होती. शंभर जणांना त्यांनी खोलीबाहेर नेलं आणि शेवटची ओळ तोंडी म्हणायला सांगितली. एकालाही आली नाही. शंका फिटली.

"सही कर गो," बाबा म्हणाले. "साडेअकराची फेरी हाय माझी."

हेमांगीनं दृष्टी प्रमाणपत्रावर सही केली. सारंगाचा परवाना म्हणजे प्रवासी लाँच चालवायचा परवाना. तो या कागदाशिवाय पुढच्या वर्षासाठी मिळत नसे. तिची सही, वर डॉक्टरांचा शिक्का. हे तिसरं वर्ष.

चार वर्षांपूर्वी याच माणसाला ताटातला भात दिसत नव्हता. बाबांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी डोळ्याच्या पडद्याची झीज सुरू झाली. आपण ज्याच्याकडे रोखून बघतो ते टिपणारा पडद्याचा मधला भाग त्यात मरतो. कडा शाबूत राहतात. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. आधी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शनं झाली. त्यातली काही चुकली, कारण वादळात फेऱ्या बंद होत्या. मग पडद्यावर व्रण धरला आणि इंजेक्शनांचा उपयोग संपला.

तेव्हा हेमांगीनंच त्यांचं नाव अभ्यासात घातलं. पडद्याखाली कपाळावरच्या बारक्या टिकलीएवढी एक चकती बसवायची. चष्म्यातला कॅमेरा समोरचं चित्र टिपतो, चष्म्याच्या दांडीतलं यंत्र ते अदृश्य किरणांनी चकतीवर टाकतं आणि चकती जिवंत उरलेल्या शिरांना विजेच्या टोचण्या देते. मेंदूला वाटतं, दिसलं. सगळे त्याला 'टिकली' म्हणत. ही प्रयोगशाळेतली निवडक माणसांवरची चाचणी नव्हती. अकराशे चाळीस माणसं, आपापल्या घरात, आपापल्या कामावर, आणि बारा वर्षं त्यांचा पाठपुरावा. हा नवव्या वर्षाचा अहवाल पुढच्या सोमवारी पुण्यात मांडला जाणार होता. तो मान्य झाला की राज्यातल्या चाळीस हजार लोकांना टिकली मिळणार होती.

अहवालात एकच गोष्ट डॉक्टरांना बोचत होती. हेमांगीकडच्या भागात एकवीस माणसं तपासणीला यायची थांबली होती. दप्तरी भाषेत, पाठपुराव्यातून सुटलेली.

"त्यांना शोध," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "न येण्याचं कारण लिहून आण. रकाना रिकामा नको."

त्यानुसार ती त्याच दिवशी दुपारी खाडीपलीकडच्या भाटशेत गावात विश्राम गुरव यांच्या दारात उभी होती. यादीतलं हे एकविसावं, शेवटचं नाव. विश्राम गुरव म्हणजे शाळेतले निवृत्त शिपाई, वय अडुसष्ट. मागच्या खेपेला त्यांनी नवव्या ओळीपर्यंत तक्ता वाचला होता.

दार त्यांच्या सुनेनं, सुलभानं उघडलं. हेमांगीनं ओळख सांगितली.

"उशिरा आलात ताई. मामंजींना जाऊन चार महिने झाले."

"कशानं?"

सुलभानं अंगणाकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात सिमेंटचं नवं झाकण होतं. "संडासाच्या टाकीचा खड्डा. आठ फूट खोल. सकाळी खणला, भोवती गुडघाभर मातीचा ढीग. दुपारी मामंजी पडवीतून उठले नि सरळ चालत गेले आत."

"चष्मा लावला नव्हता का?"

"लावला होता ना! तेच तर कळत नाही." सुलभाचा आवाज चढला. "ठेचकाळत, चाचपडत गेले असते तर म्हटलं असतं दिसलं नाही. मी ह्या खिडकीतून बघत होते. रोज जसे तुळशीला पाणी घालायला जायचे ना, तसेच गेले. हातात तांब्या. ढिगाऱ्याला पाय अडला तरी खाली बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण..." ती थांबली. "खाली बघून परत पाय टाकला ताई. साफ जमीन असल्यासारखा."

हेमांगीनं पिशवीतून अर्ज काढला.

"आधी कधी असं काही झालं होतं?"

"नाही हो. उलट बाजारात गेले तर पावलापावलाला थांबायचे, धुरकट दिसतं म्हणायचे. घरात मात्र एकदम लख्ख. आम्ही थट्टा करायचो. मामंजी, तुमच्या टिकलीला सासर मानवत नाही, माहेरीच बरं दिसतं."

हेमांगीनं अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात पाच पर्याय छापलेले होते. स्थलांतर. नकार. अन्य आजार. मृत्यू, अभ्यासाशी संबंधित. मृत्यू, अभ्यासाशी संबंध नाही. खड्ड्यात पडून मेलेल्या माणसाचा डोळ्यातल्या चकतीशी काय संबंध? तिनं पाचव्यावर खूण केली. या यादीत तिनं तशी खूण केल्याची ही सातवी वेळ होती.

धक्क्याकडे जाताना ती एका दगडी कठड्यावर बसली आणि पिशवीतून बाकीचे सहा अर्ज काढले.

कुर्ध्याच्या किराणा दुकानदारानं स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर ठेवलेल्या सिलिंडरला ठोकर खाऊन डोकं फोडून घेतलं. एक बाई स्वतःच्या गल्लीत, दारासमोर, उभ्या डंपरवर जाऊन आदळली. एक जण रोजच्या साकवावरून ओढ्यात पडून गेला. साकवाची मधली फळी आदल्या दिवशी काढलेली होती. एक गोठ्यात. एक जिन्यात. एक शेजारच्या घराच्या फाटकात.

तिनं पुन्हा वाचलं. सातांपैकी एकही परक्या गावात मेला नव्हता. सगळे घरापासून शंभर पावलांच्या आत. सगळ्यांनी शेवटच्या तपासणीत शेवटची ओळ वाचलेली.

दोन वर्षांपूर्वीचं प्रशिक्षण तिला आठवलं. चकतीवर दीड हजार ठिपके होते आणि दीड हजार ठिपक्यांत चेहरा मावत नाही. म्हणून चष्म्याच्या यंत्राला स्मरण दिलं गेलं. तुम्ही रोज बघता त्या जागा ते साठवून ठेवतं आणि कॅमेऱ्यातून अपुरं येणारं चित्र साठवणीतल्या चित्रानं भरून काढतं. शिकवायला आलेला अभियंता म्हणाला होता, "यात फसवणूक काही नाही. तुमचा-माझा मेंदूही हेच करतो. प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो, जिथून शिरा बाहेर पडतात. तिथं कधी काळं भोक दिसलंय तुम्हाला? मेंदू आजूबाजूचं बघून ते रफू करतो. आम्ही फक्त जरा मोठं रफू करतोय." आणि यंत्र स्वतःहून सुधारतही होतं. दर सहा महिन्यांनी तपासणीतले गुण त्याला कळवले जात. गुण वाढतील अशी ते स्वतःची घडण बदलून घेई.

गुण वाढवायला सांगितलं होतं. खरं दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि गुण कुठं मोजले जात होते? नऊ वर्षं न बदललेल्या खोलीत. एकाच खुर्चीवरून, एकाच तक्त्यावर. तिथं कॅमेऱ्यापेक्षा आठवण नेहमीच जिंकणार. तक्ता माणसांना पाठ झालाच नव्हता. तो चष्म्याला पाठ झाला होता. आणि त्यातून चष्मा एक धडा शिकला होता: ओळखीच्या जागी बघायची गरज नाही.

हेमांगी उठली. बाबा गेली अठ्ठावीस वर्षं एकच खाडी ओलांडत होते.

धक्क्यावर 'जलदुर्गा' लागलेली होती. तीनची फेरी. त्रेचाळीस उतारू, पाच दुचाक्या, लग्नाच्या बस्त्याच्या पेट्या. आकाश स्वच्छ, पाण्यावर ऊन चमकत होतं. हेमांगी गर्दीतून वाट काढत सारंगाच्या केबिनमध्ये शिरली तेव्हा लाँच सुटली होती.

"या मॅडम," बाबा चक्रावरचा हात न काढता म्हणाले. "आज फुकट फेरी का? रमजान, मॅडमचं तिकीट फाड रं!"

रमजान हा त्यांचा खलाशी, बाबांच्याच वयाला आलेला. तो दारातून हसला आणि दोर गुंडाळायला गेला.

"बाबा, तुम्हाला समोर कसं दिसतंय?"

"कसं म्हणजे? तूच सकाळी सही केलीस ना?"

"सांगा तरी."

"अगो, काच पुसल्यासारखं. ही खाडी मला झोपेतपण दिसते." त्यांनी हनुवटीनं पलीकडचा किनारा दाखवला. "ती बघ कारखान्याची चिमणी. नि तिच्यामागं डोंगरावर देवीचा कळस. आता चिमणी डावीकडं हाय. ती सरकत सरकत कळसाखाली आली, दोन्ही एका रेषेत उभी राहिली, की समजायचं खाली पाणी खोल. ती रेघ धरायची नि डोळे मिटून जायचं. माझ्या बापानं मला हीच खूण दिली."

हेमांगीनं पलीकडे बघितलं. डोंगर होता. कळस होता, उन्हात पिवळा. त्याच्या खाली कौलांच्या जुन्या कारखान्याची जागा होती. तिथं विटांचा ढीग, दोन पिवळी यंत्रं आणि मोकळं आकाश होतं.

चिमणी बारा दिवसांपूर्वी पाडली होती. सागरी रस्त्यासाठी. हेमांगी स्वतः बघायला गेली होती.

"बाबा, चिमणी आहे तिथं?"

"तूपण सुरू झालीस?" ते वैतागले. "टपरीवर आठ-दहा दिवस हेच चाललंय. सारंगबुवा, चिमणी पाडली, सारंगबुवा, आता कसं जाणार. मेले म्हाताऱ्याची मजा करतात. मी रोज बघतोय ना तिला! आज सकाळी बघितली, आता बघतोय. वरच्या टोकाला ती भेग नाय का, तीपण दिसते."

केबिनमध्ये इंजिनाचा आवाज भरला होता. बाबांनी चक्र किंचित उजवीकडे वळवलं, एक डोळा बारीक केला आणि समाधानानं मान हलवली.

"आली. कळस नि चिमणी एका रेषेत."

लाँचचं तोंड जिकडे वळलं होतं तिकडे हेमांगीनं नजर टाकली. चष्म्यानं चिमणी आठवणीतून रंगवली होती, पण हलत्या लाँचवरून ती नेमकी कुठं रंगवायची हे त्याला धड जमलेलं नव्हतं. या फेरीला रेघ चुकली होती. फार नाही, पन्नास-साठ हात. ओहोटी लागलेली होती, उजवीकडे वाळूचा बांध उघडा पडायला लागला होता. बांधाच्या कडेला एक होडी. होडीत टोपल्या. भोवती कमरेइतक्या पाण्यात वाकून तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, काढणाऱ्या चार बायका. एकीच्या अंगात पिवळा शर्ट होता.

त्या लाँचच्या बरोबर समोर होत्या.

"बाबा, होडी! समोर होडी आहे!"

"कुठाय?"

"समोर! बायका आहेत पाण्यात!"

बाबांनी पुढे वाकून, नीट, काळजीपूर्वक बघितलं. हेमांगीनं त्यांचा चेहरा पाहिला. त्यावर भीती नव्हती, गोंधळ नव्हता. शांत पाणी बघणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

"पाणी मोकळं हाय गो."

एकशे वीस हात. बायकांची पाठ लाँचकडे होती, इंजिनाचा आवाज रोजचाच होता. एरवी पन्नास हात दूरून जाणारी लाँच आज आपल्यावर येते आहे हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. हेमांगीला चक्र धरता येत नव्हतं. उजवीकडे वाळू, डावीकडे पाण्याखाली खडक, किती वळवायचं हे तिला ठाऊक नव्हतं. ते केबिनमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो मोकळं पाणी बघत होता.

तिनं हात घालून त्यांचा चष्मा ओढून काढला.

"अगो मेले! आंधळा केलास मला!" बाबा ओरडले. त्यांचा एक हात हवेत चाचपडला. नजरेच्या मध्ये चार वर्षांपूर्वीचा काळा डाग परत आला होता.

"मान वळवा! डावीकडे तोंड करा! कोपऱ्यातून बघा, बाबा, कोपऱ्यातून!"

मेला होता तो फक्त मधला भाग. कडा अजून त्यांच्या स्वतःच्या होत्या. बाबांनी तोंड डावीकडे फिरवलं, एखादा माणूस रुसून बघायला नकार देतो तसं, आणि उजव्या डोळ्याच्या टोकातून त्यांना काहीतरी पिवळं हललेलं दिसलं.

त्यानंतर त्यांना काही सांगावं लागलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या हातांनी चक्र फिरवलं, इंजिन तोडलं, उलटं टाकलं. लाँच कलली. पाच दुचाक्या एकमेकींवर पडल्या, उतारूंनी देवाचा धावा केला. होडी लाँचच्या कडेपासून दोन हातांवरून डचमळत मागे गेली. तिसऱ्यांची एक टोपली पाण्यात उलटली.

"डोळे फुटले काय रं मेल्या तुझे!" पिवळ्या शर्टातली बाई मूठ उगारून किंचाळली.

बाबा तोंड डावीकडे करूनच उभे होते. रमजान धावत आला. त्याच्याकडेही परवाना होता. काही न विचारता त्यानं चक्र हातात घेतलं. बाबा खालच्या फळीवर बसले. मग त्यांनी हळूच विचारलं,

"चिमणी खरंच नाय?"

"नाही, बाबा. बारा दिवस झाले."

"बारा दिवस." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "दिवसाला आठ फेऱ्या. मग मी कशावर लाँच हाकत होतो गो?"

हेमांगीनं वर बघितलं. प्रमाणपत्र केबिनमध्ये बाबांच्या डोक्यावर, काचेच्या फटीत खोचलेलं होतं. त्यावर तिची सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिनं सातही अर्ज डॉ. नरवण्यांच्या टेबलावर ठेवले आणि लाँचवरचा प्रकार सांगितला.

डॉक्टरांनी ते सावकाश वाचले. अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, बारीक माणूस. ज्यानं या अभ्यासात एक आकडा कधी वाढवून लिहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चष्मा साधा होता.

"हे अपघात आहेत, हेमांगी. साठीच्या पुढच्या अकराशे माणसांत नऊ वर्षांत अपघाती मृत्यू होणारच."

"सगळे घरात, सर? सगळे दोन वर्षांतले?"

"सात जणांवरून निष्कर्ष काढायचा नसतो."

"हे माझ्या भागातले सात. एकवीस सुटलेल्यांपैकी सात. बाकी केंद्रांत सुटलेले एकशे त्र्याण्णव आहेत. त्यांच्या घरी कोण गेलंय? आपण त्यांना मोजणीतून वजा करतो आणि जे येतात त्यांचे गुण धरतो. जे मेले ते तक्ता वाचायला येत नाहीत, सर."

डॉक्टरांनी अर्ज एकावर एक रचले. खिडकीबाहेर आवारात वाहनं लागत होती. आज तपासणीचा वार होता.

"तू काय म्हणतेयस ते तुला कळतंय ना?" ते शेवटी म्हणाले. तो आवाज रागाचा नव्हता आणि म्हणूनच हेमांगीला जास्त भीती वाटली. "ही आठवण काढून टाकली तर त्यांना पुन्हा दीड हजार ठिपके दिसतील. नातवाचं तोंड दिसणार नाही. अकराशे माणसांना मी पुन्हा धुक्यात ढकलू? एका चिमणीवरून?"

"बाबांना बोलावते. त्यांना तपासा. तक्ता फक्त उलटा लावू."

"उलटा?"

"मागची बाजू कोरी आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग ते उठले आणि स्वतःच्या हातांनी, पाच वर्षांत पहिल्यांदा, तक्ता खिळ्यावरून काढून उलटा टांगला. पांढरा शुभ्र पुठ्ठा. एका कोपऱ्यात बुरशीचा डाग. बाकी काही नाही.

बाबांना रमजाननं हात धरून खोलीपर्यंत आणलं. रात्रभर त्यांनी चष्मा लावला नव्हता. आता हेमांगीच्या सांगण्यावरून लावला. ते खुर्चीत बसले तशी त्यांची मान ताठ झाली, खांदे मोकळे झाले. घरी आल्यासारखे.

हेमांगी एरवी तक्त्याशेजारी उभी राहायची. आज ती त्यांच्या खुर्चीमागे, भिंतीला टेकून उभी राहिली. कांडी टेबलावर पडून होती. बोलणार होते ते डॉक्टर, दारापासून.

"पावसे, वरून सुरू करा."

बाबांनी घसा साफ केला. "क. त, म. ल, ह, द." आवाजात पहिल्यांदा धाकधूक होती, चौथ्या ओळीपासून ती गेली. सहावी ओळ. सातवी. कोऱ्या पुठ्ठ्यावर त्यांची नजर डावीकडून उजवीकडे सरकत होती, ओळ संपली की खाली उतरत होती. आठव्या ओळीत एका अक्षराला ते अडखळले, डोळे बारीक करून पुढे झुकले आणि बरोबर अक्षर सांगितलं.

डॉक्टरांनी दाराची चौकट धरली होती.

"ग, ठ, र, प, न," बाबांनी संपवलं. मग तक्त्याच्या उजव्या बाजूला, रिकाम्या भिंतीकडे बघून ते हसले. "काय गो हेमा, झालं ना बरोबर? अशी गप का उभी? आणि कांडी कशाला थरथरते तुझी?"



हेमांगीनं मागून पुढे येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा एकदम दचकले. पण त्यांनी मान वळवली नाही. डोळे भिंतीवरच होते, तिथल्या तिच्यावर. त्यांचा हात हळूहळू वर आला आणि खांद्यावरचा खरा हात, बोटं, मनगटावरची बांगडी चाचपू लागला.

"हा कुणाचा हात?"

"माझा, बाबा."

"मग ती कोण?"

"चष्मा काढा."

त्यांनी लगेच काढला नाही. पाच-सहा सेकंद ते भिंतीकडे बघत राहिले. मग चष्मा उतरवून त्यांनी मांडीवर ठेवला, मान बाजूला वळवली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आधी पांढरा पुठ्ठा बघितला, मग आपल्या मुलीचा अर्धा, धूसर चेहरा.

"तू हायस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, सारंगाच्या आवाजात, "बाहेर किती लोक बसलेत?"

"अठरा."

"ते आले कसे?"

हेमांगीनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता. त्यांनी नुसती मान हलवली. तिनं दार उघडलं.

बाकावर अठरा माणसं ओळीनं बसली होती, अठरा चष्मे तिच्याकडे वळले. ती नेहमी उभी राहते त्याच उंबऱ्यावर उभी होती. आपण त्यांना दिसतो आहोत की आपली आठवण, हे तिला सांगता येईना.

"एक विचारायचंय," ती म्हणाली. "स्वतः गाडी चालवत कोण कोण आलंय?"

पाच हात वर झाले. ताठ, अभिमानानं. त्यांतल्या एकानं तिला नीट दिसावी म्हणून किल्लीसुद्धा हलवून दाखवली.